पुरंदर : दोन बाळंतपणांचा गड

भगिनींनो, गडकिल्ल्यांचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो वेढ्यांचा, तोफांचा आणि तहांचा. कोणत्या साली कोणी गड घेतला, कोणत्या साली कोणी सोडला, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागत असे. पण गड म्हणजे नुसता तट आणि बुरूज नव्हे. गडावर माणसे नांदत होती. तेथे चूल पेटत होती, जाते फिरत होते, टाक्यातून पाणी भरले जात होते, आणि प्रसंगी पाळणाही हलत होता. तहाच्या कागदात सुईणीचे नाव येत नाही आणि शेकशेगडीचा खर्च बखरकार लिहीत नाही. म्हणून त्या गोष्टी घडल्याच नाहीत असे मात्र होत नाही.

पुण्याच्या आग्नेयेस असलेला पुरंदर किल्ला या दृष्टीने फार बोलका आहे. या एकाच गडावर संभाजी महाराजांचा जन्म झाला आणि पुढे सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आत सवाई माधवराव पेशव्यांचाही जन्म झाला. शिवाय हा गड चढायला सोपा, वाटेत प्राचीन देवळे, आणि माथ्यावरून दिसणारा देखावा असा, की चढल्याचे श्रम तेथेच फिटावेत. शनिवार-रविवारच्या सुटीत मुलाबाळांसह, सासूबाईंनाही बरोबर घेऊन, सहज करता येईल अशी ही यात्रा आहे. तिची माहिती आणि तिच्यामागचा इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

शनिवारी सकाळी पुण्याहून निघावे. हडपसर मागे टाकले की दिवे घाट लागतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढते आणि सासवडला मुक्काम करते. सासवड हे ज्ञानदेवांचे धाकटे बंधू सोपानदेव यांच्या समाधीचे गाव. कऱ्हेकाठच्या त्या समाधिमंदिरात दुपारच्या वेळीही एक निवांतपणा असतो. भावंडांपैकी ज्ञानदेव आळंदीला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला, मुक्ताबाई तापीकाठी आणि सोपानदेव येथे. चौघांच्या चार दिशा झाल्या. ज्या माउलीने ही चार लेकरे वाढवली आणि समाजाच्या छळापायी ज्यांना पोरके केले, त्या रुक्मिणीबाईंची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

सासवडला कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्या चढून गेले की दीपमाळा, नंदी आणि काळ्या पाषाणातील भक्कम मंडप दिसतो. गावाजवळच चांगावटेश्वराचे शिवालय आहे. योगी चांगदेवांचे नाव त्याच्याशी परंपरेने जोडलेले असून, त्याच्या खांबांवरील कोरीव काम मुद्दाम थांबून पाहावे असे आहे. पुरंदरे घराण्याचा जुना वाडा याच गावचा. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७२० साली देह ठेवला तोही सासवडलाच. साहित्यप्रेमी भगिनींस हेही सांगितले पाहिजे, की आचार्य अत्रे यांचा जन्म १८९८ साली याच परिसरातील कोडित या गावी झाला. बाजारात अंजीर आणि हंगामात सीताफळे मिळतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्याच्या गोडीची ग्वाही आपल्या आज्यांनी त्याच्या कितीतरी आधी दिलेली आहे.

सासवडहून नारायणपूरला जावे. गडाच्या अगदी पायथ्याचे हे गाव. आज तेथील एकमुखी दत्ताच्या मंदिरामुळे पौर्णिमेला व दत्तजयंतीला मोठी गर्दी होते. परंतु दत्ताचे दर्शन घेऊन परत फिरणाऱ्या पुष्कळांचे लक्ष शेजारच्या नारायणेश्वराच्या देवळाकडे जात नाही. हे देऊळ यादवकालीन आहे. ज्याला आपण हेमाडपंती बांधणी म्हणतो, ती येथे चांगली पाहावयास मिळते. दगडावर दगड नेमका बसवलेला, द्वारशाखांवर बारीक नक्षी, आणि आत गाभाऱ्यात गारवा. गडावरचा इतिहास सुरू होण्याच्या आधीपासून हे शिवालय येथे उभे आहे. गडावर जाणाऱ्या बायाबापड्यांनी प्रथम येथेच हात जोडले असतील.

रविवारी सकाळी लवकर गडाकडे निघावे. पुरंदर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंच आहे. तो आज लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे दिवसाच वर जाता येते, ओळखपत्र जवळ बाळगावे लागते आणि तेथील जवानांच्या सूचना पाळाव्या लागतात. जाण्यापूर्वी चौकशी करून निघावे हे उत्तम. वाहन थेट माचीपर्यंत जाते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी गाडीने जावे, बाकीच्यांनी नारायणपुरातून पायवाटेने चढावे. पावसाळ्यानंतर आश्विन-कार्तिकात डोंगर हिरवे आणि हवा स्वच्छ असते. तोच काळ या सहलीला सर्वांत चांगला.

माचीवर शिरताच मुरारबाजी देशपांडे यांचा दोन्ही हातांत तलवारी घेतलेला आवेशपूर्ण पुतळा दिसतो. त्यांच्याविषयी पुढे सांगणारच आहे. पण त्याआधी माचीवरील दोन देवळांपाशी थांबू. पहिले पुरंदरेश्वराचे. पुरंदर म्हणजे इंद्र. त्याच्यावरूनच गडाला हे नाव मिळाले. देऊळ मूळचे जुने असून थोरल्या बाजीरावांनी त्याचा जीर्णोद्धार केला असे सांगतात. त्याच्या मागे रामेश्वराचे देऊळ आहे. हे पेशव्यांचे खाजगी देऊळ. त्याच्याजवळ पेशव्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. जोती, भिंतींचे तुकडे आणि मागच्या बाजूस विहीर. आपल्या लेखाचा गाभा येथेच आहे.

पहिली हकीकत सईबाईंची. फलटणच्या नाईक निंबाळकरांची ही कन्या. १६४० साली पुण्यास तिचा शिवरायांशी विवाह झाला, तेव्हा वधूवर दोघेही लहान होते. तीन मुलींनंतर पुत्र झाला तो पुरंदरावर, १४ मे १६५७ रोजी. त्या वेळचे राजकारण पाहा. एप्रिलच्या अखेरीस महाराजांनी मोगलांच्या जुन्नरवर छापा घातला होता आणि मोगलांशी उघड वैर सुरू झाले होते. विजापूरकर तर आधीपासूनच शत्रू. अशा वेळी घरची सून सुखरूप बाळंत व्हावी यासाठी निवडलेले ठिकाण म्हणजे पुरंदर. तान्हेपणीच बाळाला आईचे दूध कमी पडू लागले, म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरची धाराऊ ही दूधआई म्हणून आली, अशी परंपरा आहे. कापूरहोळ गडाच्या पश्चिमेस, सातारा रस्त्यावर; नारायणपुराहून तेथे जाणारा रस्ता आजही वाहता आहे. कुणब्याच्या घरातील एक बाई आपल्या लेकराच्या वाटणीचे दूध राजाच्या पुत्राला देते, ही गोष्ट कोणत्याही तहाहून मला लहान वाटत नाही. सईबाई मात्र पुढे दोनच वर्षे जगल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचे निधन झाले. प्रतापगडाखालची अफजलखानाची भेट त्यानंतर दोनच महिन्यांनी झाली. घरात मातम आणि दाराशी शत्रू, अशा स्थितीत दोन वर्षांचे मूल जिजाबाईंच्या पदराखाली वाढले.

आता मुरारबाजींकडे वळू. १६६५ साली औरंगजेबाचा सेनापती मिर्झाराजा जयसिंह पुरंदरावर चालून आला. मार्चअखेर वेढा पडला. १४ एप्रिलला दिलेरखानाने शेजारचा वज्रगड घेतला. पुरंदर आणि वज्रगड यांच्यामध्ये केवळ भैरवखिंड आहे. माचीवरून पाहिले म्हणजे वज्रगड पडल्यावर पुरंदराची काय अवस्था झाली असेल ते न सांगता कळते. मे महिन्यात किल्लेदार मुरारबाजींनी सातशे निवडक मावळ्यांसह दरवाजा उघडून दिलेरखानाच्या फौजेवर झडप घातली आणि लढता लढता देह ठेवला. गड त्यानंतरही लढत राहिला. अखेर ११ जूनला महाराज स्वतः जयसिंहाच्या छावणीत गेले आणि पुरंदरचा तह झाला. चार लक्ष होनांच्या मुलखासह तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा किल्ले महाराजांकडे राहिले. याच तहात आठ वर्षांच्या शंभूराजांना मोगलांची पंचहजारी मनसब ठरली. ज्या गडावर मूल जन्मले, त्याच गडाच्या पायथ्याशी ते राजकारणात ओढले गेले.

या वेढ्याची एक नोंद भगिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी. तहानंतर गड खाली केला तेव्हा त्यातून सुमारे सात हजार स्त्रीपुरुष बाहेर पडले आणि त्यांपैकी चार हजार लढणारे होते, असे जयसिंहाच्या पत्रव्यवहारावरून कळते. म्हणजे जवळजवळ तीन हजार माणसे न लढणारी होती. ती कोण असतील? शिबंदीच्या बायका, मुले, म्हातारी माणसे. अडीच महिने तोफांच्या आवाजात त्यांनी दिवस काढले. कोणी भाकऱ्या थापल्या, कोणी जखमा बांधल्या, कोणी रडणारी पोरे उराशी धरली. मुरारबाजींच्या पुतळ्यापुढे हात जोडताना या तीन हजारांनाही एक नमस्कार करावा. गड १६७० च्या मार्चमध्ये मराठ्यांनी परत जिंकून घेतला.

दुसरी हकीकत गंगाबाईंची. ती ऐकताना आजही अंगावर काटा येतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पेशवे अवघे अठरा वर्षांचे. त्यांची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. चुलते रघुनाथराव पेशवेपदी बसले. पण ते मोहिमेवर गेलेले पाहून नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मुत्सद्द्यांनी एकी केली. हेच इतिहासातील बारभाई. गंगाबाईला पुण्यात ठेवणे धोक्याचे होते. १७७४ च्या जानेवारीत तिला पुरंदरावर नेण्यात आले आणि तिच्या नावाने कारभार सुरू झाला. सोबत म्हणून पार्वतीबाई गेल्या. या पार्वतीबाई म्हणजे पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. पती गेल्याचे त्यांच्या मनाने कधीच स्वीकारले नाही. अखेरपर्यंत त्या सवाष्णीच्या वेषातच राहिल्या. एकीचा पती डोळ्यांदेखत वाड्यात मारला गेलेला, दुसरीचा पती रणांगणावरून परत न आलेला. अशा दोघी जणी या माचीवर एकमेकींना धीर देत राहिल्या.

मार्च महिन्यात पंढरपूरजवळ कासेगाव येथे रघुनाथरावांनी त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केला. पेठे जखमी होऊन मरण पावले. गंगाबाईचे दिवस भरत आले होते आणि शत्रूची फौज पुण्याच्या वाटेला लागेल अशी धास्ती होती. मुलगा झाला तर बारभाईंचे राजकारण टिकणार, मुलगी झाली तर सारा डाव मोडणार. मुलगी झाल्यास बदली मूल असावे म्हणून आणखी गर्भवती स्त्रिया गडावर आणून ठेवल्या होत्या, अशी वदंता त्या काळी होती आणि ग्रँट डफने ती आपल्या इतिहासात टिपली आहे. ती खरी असो वा खोटी. त्या काळी मुलीच्या जन्माची किंमत काय समजली जात होती, ते त्या वदंतेवरून स्पष्ट होते. सारे राज्य जिच्या तोंडाकडे पाहत होते, त्या पोरवयाच्या विधवेला काय वाटत असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

१८ एप्रिल १७७४ रोजी पुत्र झाला. तेच सवाई माधवराव. गडावर तोफा झाल्या, साखर वाटली गेली. बाळंतिणीचा सव्वा महिना होतो न होतो तोच, चाळीस दिवसांच्या बालकाला साताऱ्याहून आलेली पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. जगाच्या इतिहासात पाळण्यातील राजे पुष्कळ झाले. पण आपल्या पुण्याच्या शेजारच्या डोंगरावर असा प्रसंग घडला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? आणि योगायोग असा, की पुढच्याच जानेवारीत, १७७५ साली, रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई दूर धारच्या किल्ल्यात आश्रयाला असताना बाळंत झाल्या. तो मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव. आनंदीबाईंचे नाव आपण ‘ध’चा ‘मा’ केला म्हणून घेतो. पण एकाच घरातील दोन सुना, एक पुरंदरावर आणि एक धारला, दोघीही किल्ल्याच्या आडोशाने भीतभीत बाळंत होतात, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे पुरुषांच्या भाऊबंदकीची झळ प्रथम कोणाला लागते ते कळते.

१ मार्च १७७६ रोजी इंग्रजांचा वकील कर्नल अप्टन याच्याशी दुसरा पुरंदरचा तह झाला. ज्यांच्या नावाने तो झाला ते पेशवे तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते. गंगाबाई १७७७ साली वारल्या. ज्या मुलासाठी एवढा खटाटोप झाला, त्याचा अंतही १७९५ साली एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यात झाला.

आता वर चढू. माचीवरून बालेकिल्ल्यावर जाणारी वाट नागमोडी पण बेताच्या चढाची आहे. दरवाजातून आत शिरले की एका बाजूस कंदकड्याकडे वाट जाते व दुसऱ्या बाजूने केदारेश्वराकडे. सावकाश गेले तरी माचीपासून तासाभरात माथा गाठता येतो. शेवटी दगडी पायऱ्या, दीपमाळ, आणि गडाच्या सर्वोच्च शिखरावर केदारेश्वराचे छोटे, दणकट देऊळ. महाशिवरात्रीला पंचक्रोशीतील स्त्रीपुरुष येथे दर्शनाला येतात. देवळाभोवती उभे राहून पाहावे. पश्चिमेकडे राजगड आणि तोरणा, वायव्येला सिंहगड, पूर्वेला अगदी खाली वज्रगड, उत्तरेला मल्हारगड, आणि हवा स्वच्छ असेल तर जेजुरीचा डोंगरही दिसतो. राजगड पाहिला की सईबाई आठवतात. पुरंदरावर पाळणा हलला आणि त्या समोरच्या गडावर त्यांनी डोळे मिटले. दोन ठिकाणांमधले अंतर एका नजरेत मावते.

उतरताना आणखी एका स्त्रीची आठवण ठेवावी. गडाच्या तटबंदीत शेंदऱ्या नावाचा बुरूज आहे. बहामनी काळात तो बांधताना पुनःपुन्हा ढासळू लागला, तेव्हा जिवंत माणसे पायात घातली तरच तो टिकेल असा दृष्टान्त झाला; आणि नाथनाक व त्याची पत्नी देवकाई या महार जोडप्याला पायात गाडण्यात आले, अशी दंतकथा आहे. दंतकथेतील किती खरे, याचा निवाडा पंडितांनी करावा. पण बळी कोणाचा गेला असे लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितले, ते पाहा. राजघराण्यातील सुनांची जन्ममरणाची तिथी तरी कागदावर सापडते. देवकाईचे फक्त नाव उरले, तेही लोकांच्या तोंडी. पायातला दगड दिसत नाही, पण बुरूज त्याच्यावरच उभा असतो.

इंग्रजी अमदानीत पुरंदर हे गोऱ्या सैनिकांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले. माचीवरील पडक्या चर्चची इमारत त्या काळची. दुसऱ्या महायुद्धात काही जर्मन कुटुंबांनाही येथे स्थानबद्ध करून ठेवले होते. त्यांतही आया होत्या आणि लेकरे होती. म्हणजे या माचीने परक्या देशातील मातांचेही नि:श्वास ऐकले आहेत.

सहलीला जाणाऱ्या भगिनींसाठी चार गोष्टी सांगून लेख पुरा करते. पाणी आणि भाकरी-चटणी घरून न्यावी. गडावर मिळेलच अशा भरवशावर राहू नये. पायांत चपलांऐवजी बूट असावेत. उन्हाच्या आधी चढावे आणि सायंकाळच्या आत उतरावे. केळीच्या साली, कागद आणि बाटल्या पिशवीत घालून परत आणाव्यात; देवळाच्या दारात कचरा टाकून देवाचे दर्शन घेणे शोभत नाही. वज्रगडाकडे जाता येईल की नाही, ते तेथील पहाऱ्यावर विचारूनच ठरवावे.

आणि मुलांना बरोबर न्यावे, विशेषतः मुलींना. माचीवरच्या वाड्याच्या जोत्याशी बसवून त्यांना सईबाई, धाराऊ, गंगाबाई, पार्वतीबाई आणि देवकाई या पाच जणींची नावे सांगावीत. मुरारबाजींचा पराक्रम त्या पुस्तकात वाचतीलच, आणि वाचलाच पाहिजे. पण ही पाच नावे आपण सांगितली नाहीत, तर त्यांना दुसरे कोणी सांगेल असे वाटत नाही.